डोरलीचं पान

अकोल्याला तारीख आहे, असं मी घरी सांगितलं. वकिलाच्या घरात या वाक्याची कोणी उलटतपासणी करत नाही. बायकोने डब्यात पोळ्या आणि भेंडीची भाजी भरून दिली, मी काळा कोट हातावर टाकला आणि बडनेऱ्याहून गाडी पकडली. मूर्तिजापूर येईपर्यंत कोट मांडीवर होता. मग त्याची घडी करून पिशवीत कोंबला, कारण अकोल्यात मला कोर्टात जायचंच नव्हतं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं.

अमरावतीत डोळ्यांचे डॉक्टर कमी आहेत असं नाही. पण कुठल्याही दवाखान्यात बाकावर शेजारी माझा एखादा अशील निघणार, नाहीतर बायकोच्या भिशीतली कोणीतरी, आणि मी घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असणार. पस्तीस वर्षं दिवाणी दावे चालवल्यावर गावात माणसाला लपायला जागा उरत नाही. म्हणून अकोला.

वर्षभर चुकत होतं काहीतरी. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. ताटाशेजारचा पेला हाताने लवंडायचा. स्कूटरवर असलो की डावीकडचा ऑटो एकदम अंगावर उगवायचा आणि वर त्याचा ड्रायव्हर मलाच शिव्या घालायचा. मी म्हणायचो, वय झालं. बायको म्हणायची, लक्ष नाही तुमचं.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलाच्या वयाच्या होत्या आणि आडवळणाने बोलणं त्यांना जमत नव्हतं. काचबिंदू, म्हणाल्या. कडेचं जे गेलंय ते परत येत नाही. मधलं आहे ते थेंबांनी जपायचं. किती वर्षं पुरेल ते सांगता येत नाही.

"घरात कुणाला होता का?"

"वडिलांना," मी म्हणालो. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेवटची सात वर्षं काही दिसत नव्हतं. आम्ही घरात त्याला 'मोतीबिंदू बिघडला' म्हणायचो. बिघडलं काय होतं ते मला त्या खुर्चीवर बसून, पंचवीस वर्षं उशिरा कळलं.

मी विचारलं, आता काय करू? त्या म्हणाल्या, थेंब घाला, गाडी चालवणं बंद करा आणि घरच्यांना सांगा.

पहिल्या दोन गोष्टी मी केल्या. थेंबांची बाटली ऑफिसात कायद्याच्या जाड पुस्तकांमागे ठेवली, स्कूटर 'कार्बोरेटर गेला' म्हणून उभी केली. तिसरी मात्र केली नाही. खरं सांगायचं तर मला अंधाराची तेवढी भीती नव्हती. आंधळ्या माणसाशी घरातली धडधाकट माणसं कशी वागतात ते मला माहीत होतं, कारण तसं वागणारा मीच होतो. माझ्यासारख्यांच्या हाती पडायची मला भीती होती.

आणि उरलेल्या नजरेने काय करायचं? पक्षकारांच्या सातबाऱ्यांत ती खर्च करायची इच्छा उरली नव्हती. तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त विज्ञानशिक्षिकेने सुचवलं, की शहरातली काही मंडळी रविवारी सकाळी रानफेरी काढतात, या एकदा. मी गेलो. पुढच्या रविवारीही गेलो. घरी सगळ्यांना वाटलं, साहेबांना म्हातारपणी हवापाण्याचं वेड लागलं.

रान म्हटलं तर फार लांब नाही. शहराच्या पूर्वेला घरं संपता संपता टेकड्यांची सुरुवात होते, तिथे. एका अंगाला कॉलन्यांच्या टाक्या दिसतात, दुसऱ्या अंगाला साग, धावडा, पळस, मध्ये एक नाला आणि नाला ओलांडला की एकदम उघडं पडलेलं गवताचं माळरान. कॉलेजात असताना मी तिथे अभ्यासाच्या नावाखाली झोपायला जात असे. तेव्हा झाडं होती, पण एकही दिसल्याचं आठवत नाही.

श्रावण संपत आला होता. गणपतीला आठवडा राहिला असेल. सागाला फुलोरा आलेला होता, आणि पायवाटेवर पांढरट चुरा पडलेला होता, सांडून वाळलेल्या ताकासारखा. सागाच्या मोठ्या पानांवर साचलेलं पाणी मध्येच खाली पडायचं, एका जागी, मग बऱ्याच वेळाने दुसऱ्या जागी. मला बांगडीतून पाहावं तसं दिसत होतं. बांगडीच्या आत सगळं लख्ख होतं आणि बाहेर धुरकट. एरवी घरात, रस्त्यावर या बांगडीने मला घाबरवलं होतं. रानात तसं होईना. फुलपाखरू बांगडीत येई, क्षणभर तिथे राही, नाहीसं होई. ते कुठून आलं, कुठे गेलं, मला कळत नसे आणि कळावंसंही वाटत नसे. पावशा कुठूनतरी ओरडत होता. पुढे चाललेल्या माणसाचं फक्त मनगट दिसे, मग एक कळलावीचं लालपिवळं फूल, मग नुसता हिरवा उजेड. अर्धवट झोपेत असावं आणि कोणी उठवू नये, तसं ते चालणं होतं.

आमची वाटाडी एक मावशी होती. मंडळींतले निम्मे तिच्याहून मोठे, मीही, पण सगळे तिला मावशीच म्हणायचे. तिचं माहेर तिवस्याकडचं, सासरची शहराच्या कडेला फुलांची बाग. शेवंती, झेंडू, मोगरा काढायचा आणि मंदिराजवळ विकायचा, हा धंदा. विज्ञानवाल्या बाईंनी तिला पाला तोडताना याच रानात पाहिलं आणि हेरलं. सुती पातळावर नवऱ्याचा जुना शर्ट, पायात प्लॅस्टिकचे बूट, खांद्याला खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. लॅटिन नावं बाई सांगायच्या. मावशीची रीत वेगळी होती. कोणी विचारलं, हे कोणतं झाड, तर ती म्हणायची, "नाव मागून इचारा. पयले भेटून घ्या."

भेटायचं म्हणजे डोळे मिटून हात पुढे करायचा. ती तळव्यावर पान ठेवायची, चुरायचं, हुंगायचं, पानाची पाठ चाचपायची, मग नाव.

"ही रीत कुठली हो मावशी?" कोणीतरी विचारलं.

"रीत कायची? उजाडाच्या आधी तोडा लागते, बाजार सकायचा असते. अंधारात डोये काय कामाचे? हातालेच दिसते."

मला ते वाक्य आवडलं नाही. आवडलं नाही म्हणजे फार जवळून गेलं.

त्या रविवारी तिने जाहीर केलं, "आज पत्री."

गणपतीला एकवीस प्रकारची पानं वाहतात, ती पत्री. माझी छाती फुगली. आमचं घर भिक्षुकाचं. अण्णा अंबागेटच्या आतल्या, जुन्या गावातल्या निम्म्या घरांची पूजा सांगायचे. मी वकिली धरली ती गोष्ट वेगळी, पण कानावर पडलेलं जात नाही. मी नाल्याकाठी एका झाडाला टेकून उभा राहिलो आणि एका दमात एकवीस नावं म्हणून दाखवली. मालती, भृंगराज, बिल्व, दूर्वा, बदरी, धत्तूर, इथून थेट अगस्तीपर्यंत. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. वकिलाला टाळ्या कमी मिळतात, मी त्या मनापासून घेतल्या.

मावशी ऐकत होती. मग म्हणाली, "बेस म्हनलं साहेब. आता त्याच्यातलं अर्जुन कोनतं थे दाखवा."

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बांगडी फिरवली.

"ज्याले टेकून उभे हा ना, थेच."

मंडळी हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार. पांढऱ्या गुळगुळीत खोडावर माझा हात होता आणि पन्नास वर्षं दर भाद्रपदात मी त्याचं नाव घेत होतो. आमच्या घराण्याची हीच गंमत. नावं सगळी तोंडपाठ, पान एकही ओळखीचं नाही. फुलवालीकडून बांधलेली जुडी आणायची, मंत्रातलं नाव आलं की जुडीतून हाताला येईल ते पान काढायचं आणि वाहायचं.

"जुडीत एकवीस असतात ना पण?" मी जरा वकिली सूर लावला.

"एकवीस कोठून आनू जी? तेरा-चौदा भेटते. बाकी मंग आंबा, पेरू, जे हिरवं दिसंन थे. भटजी मंत्र म्हनते, घरचे पान टाकते, गनपती चालवून घेते." आणि मग, जरा समजुतीने, "मंत्र तुमचा, पान आमचं. दोघायची भेट कधी झालीच नाई."

नाला ओलांडून आम्ही माळरानावर आलो. गवत कमरेइतकं झालं होतं, वारा आला की सगळंच्या सगळं एका अंगाला कलायचं. तरवडाची पिवळी फुलं, मध्ये तेरड्याचा गुलाबी ठिपका. ऊन होतं आणि नव्हतंही. तिथे मावशीने आम्हाला गोल बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले. बांगडी गेली, आणि नवल म्हणजे त्याचं काही वाटलं नाही. डोळे मिटले की माझ्यात आणि शेजारच्यात काही फरक नव्हता.

पहिलं पान जाड, पाठीला पीठ लावल्यासारखं, देठातून चिकट दूध आलं. रुई. ती मी ओळखली, मारुतीमुळे. दुसरं खरखरीत, ओलसर वासाचं, बोटाला काळपट करणारं. माका. मग मरवा, तो हातात पडायच्या आधीच कळला आणि एकदम अण्णांच्या देवघराचा वास आला, ओल्या पाटाचा, चंदनाचा, विझलेल्या निरांजनाचा. मी त्या वासात किती वेळ होतो कोण जाणे. गवत वाजत होतं, लांब कुठेतरी एसटीचा हॉर्न वाजला. मला वाटलं, असंच असेल तर फारसं वाईट नाही. खरंच तसं वाटलं.

मग मावशीने पुढचं पान ठेवलं आणि मी 'आई गं' म्हणून हात मागे घेतला.

"हे डोरली," ती म्हणाली. "रानवांग्यावानी झाड असते. पानालेबी काटे, मधल्या शिरेवर. तुमच्या मंतरात काय म्हनते?"

"बृहती," मी म्हणालो. "एकदंताय नमः, बृहतीपत्रं समर्पयामि. दहावं."

आणि बोलता बोलता थांबलो.

अण्णांची नजर गेली तरी घरची गणपतीची पूजा त्यांनी सोडली नाही. पाटावर ताठ बसायचे, मंत्र म्हणायचे आणि दर नावाला उजवा तळवा माझ्याकडे करायचे. त्या तळव्यावर पान ठेवायचं काम माझं. तिशीतला वकील होतो, नवीन नवीन नाव होत होतं, चौकातल्या मंडळाचा अध्यक्षही होतो आणि तिथली मूर्ती माझ्यासाठी खोळंबलेली असायची. मी जुडीतून येईल ते पान द्यायचो. ते म्हणायचे बदरी, मी द्यायचो पेरू. ते म्हणायचे शमी, मी द्यायचो तेच पेरूचं दुसरं. कधी कधी तर वाहिलेलंच पान उचलून परत दिलंय. अण्णा पान घ्यायचे, अंगठ्याने एकदा त्याच्यावरून फिरवायचे, जरासे थांबायचे, आणि मग शांतपणे 'समर्पयामि'. ते थांबणं मला म्हातारपणाचं वाटायचं. मनात म्हणायचो, आटपा अण्णा.

एका वर्षी पूजा झाली, जेवणं झाली, आणि संध्याकाळी ओसरीवर सुपारी कातरता कातरता ते आपणहून म्हणाले, "यंदा डोरली फार मऊ आली होती रे."

मी म्हणालो, "हो, पाऊस चांगला झाला ना."

ते हसले. एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी वकिलांच्या खोलीत मी हा किस्सा रंगवून सांगितला, म्हातारे लोक काय काय बोलतात म्हणून, आणि चांगला हशा मिळवला.

माळरानावर मी डोळे उघडले. करंगळीखाली रक्ताचा एक ठिपका होता. डोरली मऊ येत नाही. किती पाऊस झाला तरी येत नाही. आणि ज्याने आयुष्यभर पानं वाहिली त्याच्या बोटांना पेरू आणि शमी सारखीच लागेल, हे मी कशाच्या जोरावर धरून चाललो होतो?

मंडळी पुढे निघाली होती, बाई पुढे एका वेलीचं नाव सांगत होत्या. मावशी माझ्यापाशी थांबली.

"लागलं काय साहेब?"

"मावशी, न दिसणाऱ्या माणसाच्या हातावर पेरूचं पान ठेवलं आणि सांगितलं ही डोरली, तर त्याला कळेल?"

हा माणूस कोर्टात काय करत असेल, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. "पानातलं समजत असंन तर नाई कयनार काय त्याले?"

"आणि तरी तो काही बोलला नाही तर?"

"मंग नसंन बोलाचं त्याले." ती पिशवीचं तोंड आवळत होती. मग तशीच म्हणाली, "तुमाले बाजूचं दिसत नाई ना? मंगापासून पाहून राहिली मी. बाभयीच्या फांदीत सिद्दे चालले होते."

मी गवताकडे पाहत राहिलो. पस्तीस वर्षांत मी साक्षीदारांना असं पकडलंय, पण स्वतः कधी सापडलो नव्हतो.

"घरी सांगतलं?"

"नाही."

"कावून?"

का, ते सांगायच्या ऐवजी मी करंगळीखालचं रक्त पुसलं. वारा आला, गवत आमच्या अंगावर कललं आणि परत उभं राहिलं. उठताना तिने मला हात दिला, आणि नाला येईपर्यंत माझ्या डाव्या बाजूने चालत राहिली, माझी ज्या बाजूची नजर जास्त गेली होती त्या बाजूने. परतताना सगळ्यांनी चौकात गाडीवर गिला वडा खाल्ला. मी मावशीला सांगून ठेवलं, यंदा आमच्या घरची जुडी तुमच्याकडून, आणि त्यात आंबा-पेरू चालणार नाही. ती म्हणाली, "डोरली कागदात बांधून देतो, नाईतर बाकीचे पानं फाडते."

पुढचा आठवडा मी अण्णांच्याच विचारात काढला. ते का बोलले नसतील? मला लाज वाटू नये म्हणून, असं म्हणणं सोयीचं होतं. पण मी आता त्यांच्या बाजूला येऊन बसलो होतो, मला ते आतून दिसत होतं. मला वाटतं, ते घाबरले होते. जो हात पान देतो तोच हात संध्याकाळी धरून न्हाणीपर्यंत नेतो. त्या हाताची चूक काढावी आणि तो हात रागावून सुटावा, ही जोखीम आंधळ्या माणसाला परवडत नाही. म्हणून त्यांनी पेरूची पानं बृहती म्हणून वाहिली. एकदाच राहवलं नाही, तर तेही पानालाच मऊ म्हणाले, मला काही म्हणाले नाहीत. बापाला आपली भीती वाटत होती, हे साठीत कळणं फार वाईट. मी ऑफिसात थेंब घालताना रडलो, आणि थेंब वाहून गेले म्हणून परत घातले.

चतुर्थीला मुलगा पुण्याहून आला. बायको स्वयंपाकघरात मोदक तळत होती. मी सोवळं नेसून पाटावर बसलो. जुडी सोडून मुलाने पानं ताटात पसरली होती, आणि मोबाईलवर नावांची यादी काढून तो माझ्या उजव्या हाताला बसला होता. त्याला तसं काही सांगितलं नव्हतं. मीच म्हणालो होतो, तू पानं दे, मी डोळे मिटून म्हणतो, एकाग्रता होते. माझा सगळा बेत एवढाच होता: स्वतःला तपासून पाहायचं, आणि गप्प राहायचं.

मालती. माका आला, खरखरीत. बेल, तीन पानांचा, चुकूच शकत नाही. दूर्वा. मावशीने जुडी मनावर घेऊन बांधली होती, एकेक पान हाताशी ओळख देत होतं. मुलगा भराभर देत होता, मध्येच त्याचा मोबाईल थरथरायचा आणि तो डाव्या हाताने काहीतरी दाबायचा, ते मला आवाजावरून कळत होतं. आघाडा झाला.

"एकदंताय नमः," मी म्हणालो आणि तळवा पुढे केला.

पान पडलं. मऊ, रुंद, लव असलेलं. अंगठा आपोआप त्याच्यावरून फिरला. हे धोत्र्याचं होतं, सहावं पान, त्याने दुसऱ्यांदा दिलेलं. मी थांबलो. आणि त्या थांबण्यात मला स्वतःच्या जागी अण्णा बसलेले कळले, तोच पाट, तोच तळवा, आणि ओठावर आलेलं 'समर्पयामि'. म्हणून टाकलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. वीस मिनिटांत पूजा, मग मोदक, परवा मुलगा पुण्याला.

"बाबा, काहून थांबले? म्हणा न."

"हे डोरलीचं नाही," मी म्हणालो.

"यादीत बृहती आहे."

"बृहती म्हणजेच डोरली. ती टोचते."

त्याने ताटातली पानं चाळली. मग म्हणाला, "ते कागदातलं काटेरी पान होय? ते मी बाजूला काढलं. डोळे मिटून बसले आहात, टोचलं असतं तुम्हाला."

मी तयारी केली होती ती त्याच्या घाईची, बेफिकिरीची, थोडक्यात माझ्या स्वतःच्या वागण्याची. माया निघेल अशी तयारी नव्हती. मंत्र कुठे थांबलाय तेच आठवेना.

"टोचू दे," मी म्हणालो.

"अहो पण..."

"टोचू दे रे. मला आता असंच कळणार आहे."

डोळे मिटलेलेच ठेवले, उघडले असते तर बोलणं झालं नसतं. अकोल्याची तारीख कोर्टाची नव्हती, हे सांगितलं. बांगडी सांगितली, थेंबांची बाटली कुठल्या पुस्तकामागे आहे ते सांगितलं, कार्बोरेटर ठणठणीत आहे हेही सांगितलं. स्वयंपाकघरातला तळणीचा आवाज बंद झाला. बायकोची पावलं दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"पुढची तारीख कधीची आहे?" तिने विचारलं. आवाज रागाचा होता.

"दिवाळीच्या आधी."

"मी येणार. आणि आता पूजा पुरी करा, देव ताटकळला आहे."

मुलाने मोबाईल उपडा ठेवल्याचा आवाज झाला. कागद उलगडला. माझा तळवा त्याने खालून आपल्या हातात धरला आणि डोरलीचं पान फार हळू त्याच्यावर ठेवलं. काटा लागला. मी बृहतीपत्र वाहिलं. मग त्याने पुढचं पान दिलं, पण नाव सांगितलं नाही, यादीही पाहिली नाही.

"हे कोणतं, तुम्ही सांगा."

लांब, कडक, कडेला गुळगुळीत. कण्हेर. मग तो विचारत गेला आणि मी सांगत गेलो. दोन ठिकाणी चुकलो, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून पान हुंगून पाहिलं. पूजेला तासाहून जास्त लागला. मोदक गार झाले.

संध्याकाळी मी ओसरीवर बसलो. हाताला अजून थोडी चुणचुण होती. सात वर्षं दर चतुर्थीला अण्णांनी तळवा पुढे केला होता, आणि त्या तळव्यावर मी एकदाही डोरली ठेवली नव्हती.